दारू, बी-१ आणि मेंदू: घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारूच्या पेशंटसोबत ओपीडीत आलेली माणसं जे विचारतात तेच प्रश्न इथे, शक्यतो त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. विचारणाऱ्या बहुतेक बायका, आया, कधी भाऊ. पेशंट स्वतः क्वचितच काही विचारतो. असं का, ते पुढे कळेल. औषधांचे डोस दिले आहेत ते डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला अंदाज असावा म्हणून. घरी इंजेक्शन टोचून घेण्यासाठी नाहीत.

आमच्या मालकांनी तीन दिवस घोटही घेतला नाही, तरी झोकांड्या खातात. चोरून पीत असतील का?

पीत असतीलही. पण खरंच घेतली नसेल, तर तीन दिवसांत रक्तातली दारू उतरून गेलेली असते आणि तरीही तोल जात असेल तर तो दारूचा अंमल नव्हे. मेंदूत काहीतरी बिघडतंय. त्यातलं सगळ्यात जास्त निसटणारं आणि वेळेत सापडलं तर सगळ्यात सोप्पं कारण म्हणजे बी-१ या जीवनसत्त्वाची कमतरता. या बी-१ला थायमिन म्हणतात.

अडचण अशी की पिणाऱ्या माणसाचं निदान पारावरच होऊन गेलेलं असतं. एसटीत कंडक्टर म्हणतो, "टाकून आलाय." घरात भाऊ म्हणतो, "उतरू द्या, झोपला की नीट होईल." आणि खोटं कशाला सांगू, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला डॉक्टरही तोंडाचा वास घेऊन तेच म्हणतो. हा आजार आणि दारूची नशा लांबून सारखीच दिसतात. फरक एवढाच की नशा सकाळी उतरते.

या आजाराला नाव काय?

याचे दोन भाग आहेत. पहिला अचानक येतो, तास-दिवसांत वाढतो आणि उपचाराने परतवता येतो: वर्निके एन्सेफॅलोपॅथी. दुसरा पहिल्याची राख म्हणावी तसा मागे उरतो, त्यात नवीन काही लक्षात राहत नाही: कोर्साकोव्ह सिंड्रोम. दोन्ही मिळून वर्निके-कोर्साकोव्ह.

कार्ल वर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ साली तीन पेशंटांचं वर्णन केलं. दोघे पुरुष दारू पिणारे होते. तिसरी मात्र दारूशी संबंध नसलेली एक तरुणी होती. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं आणि त्यानंतर तिच्या पोटात काही ठरत नव्हतं, सारख्या उलट्या होत होत्या. तिघांची गाठ उपासमारीपाशी पडते, पण हे वर्निकेला कळायला मार्ग नव्हता, कारण तेव्हा जीवनसत्त्व हा शब्दच नव्हता. पुढच्या काही वर्षांत रशियातल्या सर्गेई कोर्साकोव्ह यांनी स्मृती गेलेल्या पेशंटांवर लिहिलं. शुद्ध थायमिन वेगळं काढता आलं ते १९२६ मध्ये, जावामध्ये, तांदळाच्या कोंड्यातून.

घरात भाकरी, वरण, शेंगदाणे सगळं आहे. मग बी-१ कमी कसं पडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त चटका लावणारा वाटतो, कारण विचारणारीचं म्हणणं खरं असतं. आपल्या स्वयंपाकघरात बी-१ ची ददात नाही. १०० ग्रॅम ज्वारीत ते साधारण ०.३५ मिलिग्रॅम असतं, पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त. शेंगदाण्यात त्याहून अधिक. दिवसाची गरज एक ते दोन मिलिग्रॅमची. शाळूच्या तीन-चार भाकरी, वाटीभर वरण आणि शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या माणसाला बी-१ ची गोळी लागत नाही.

पण तो जेवतो कुठे? १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ४०० च्या वर कॅलरी असतात, म्हणजे दीडेक भाकरीची ऊर्जा. त्यामुळे भूक मरते, आणि त्या कॅलरींसोबत जीवनसत्त्व शून्य. ताट वाढलेलं असतं, तो दोन घास चिवडतो आणि आडवा होतो. तुम्ही वाढलं, हे खरं. त्याच्या पोटात गेलं नाही, हेही खरं.

जे थोडं खाल्लं जातं त्यातलं बी-१ सुद्धा पूर्ण पोचत नाही. दारूमुळे आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही. सुजलेल्या लिव्हरला ते साठवता येत नाही. शरीरात गेलेलं बी-१ कामाला लागण्यासाठी मॅग्नेशियम लागतं, आणि पिणाऱ्यांच्या लघवीतून तेही वाहून जातं. वरून उलट्या असतील तर बघायलाच नको. धडधाकट माणसाच्या शरीरातही बी-१ चा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅमचा असतो. आवक थांबली की दोन-तीन आठवड्यांत, फार तर महिनाभरात तो संपत येतो. म्हणून मी "किती वर्षं पितात?" याच्याआधी "शेवटचं पोटभर कधी जेवले?" असं विचारतो. त्यावर बायको गप्प झाली की मला उत्तर मिळालेलं असतं.

जीवनसत्त्व कमी झालं तर अशक्तपणा यावा. थेट मेंदूला कसं लागतं?

मेंदू जवळपास सगळा ग्लुकोजवर चालतो आणि ग्लुकोज जाळण्याच्या कामात बी-१ लागतंच. साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. गव्हाणीत ऊस पडतोय, गाड्यांची रांग लागलीय, पण मिलचे रोलरच फिरत नाहीत. ऊस आत येत राहतो, रस निघत नाही, आणि साचलेला माल आंबायला लागतो. मेंदूच्या पेशीतही असंच होतं: ग्लुकोज आहे पण ऊर्जा नाही, वर लॅक्टिक आम्ल साचतं आणि पेशी मरू लागतात.

हे सगळीकडे सारखं होत नाही. मेंदूच्या मधोमध, खोलवर असलेल्या काही भागांना आधी फटका बसतो. तिथूनच डोळ्यांची हालचाल, तोल आणि नवी आठवण साठवणं चालतं. म्हणून खुणाही तिथल्याच दिसतात.

घरी काय बघायचं?

डोळे आधी. माणसाला समोर बसवा, मान हलवू देऊ नका, आणि तुमचं बोट डावीकडून उजवीकडे नेत त्याला फक्त नजरेने बघायला सांगा. बुबुळं थरथरतात का? एक डोळा मागे राहतो का? "दोन दोन दिसतंय" म्हणतो का? थरथर नशेतही दिसते, म्हणून ही परीक्षा दारू उतरल्यावरची धरा.

मग चालणं. पाय फाकवून, बोटीवर चालल्यासारखं चालतो का? भिंत धरतो का? उभंच राहता येत नाही, असंही होतं.

आणि डोकं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, सकाळी घरी कोण आलं होतं, असं साधं विचारा. हा गोंधळ आरडाओरड्याचा असेलच असं नाही. बहुतेक वेळा माणूस गप्प, सुस्त, कशातच रस नसलेला दिसतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, आता भांडत तरी नाही.

पुस्तकात या तीन खुणा एकत्र छापलेल्या असतात, पेशंटमध्ये त्या क्वचितच एकत्र येतात. ऑस्ट्रेलियातल्या शवविच्छेदनांच्या, १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिन्ही खुणा असलेले फक्त १६ टक्के होते, आणि बहुसंख्य पेशंटांमध्ये हा आजार होता हे मेल्यानंतरच कळलं. म्हणून १९९७ पासून डॉक्टर एक सोपा निकष वापरतात: खाण्यापिण्याची आबाळ, डोळ्यांतला बिघाड, तोल जाणं, आणि गोंधळ किंवा विसराळूपणा. या चारपैकी दोन दिसले तरी उपचार सुरू करायचे.

एक सावधगिरी. पिणारा माणूस पडतो, आणि पडून डोक्यात रक्तस्राव झाला तरी तो असाच बरळतो, झुकतो. डोक्याला खोक, एका बाजूचा हातपाय लुळा, वाढत जाणारी गुंगी, फिट, यातलं काही असेल तर सीटी स्कॅन लागेल. तिथे "बी-१ कमी असेल" म्हणून थांबू नका. भेसळीची किंवा विषारी दारू पोटात गेली असेल तर नजर अंधुक होते. तीही तितकीच तातडीची बाब आहे.

अशक्तपणा आला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दोन सलाईन लावल्या. त्यानंतर जास्तच बिघडले. असं का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपल्याकडे अशक्तपणाचा इलाज म्हणजे सलाईन, आणि सलाईन म्हणजे बहुतेक वेळा ग्लुकोजची. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. आधीच बी-१ आटलेल्या शरीरात ते सोडलं की उरलंसुरलं बी-१ ते ग्लुकोज जाळण्यात खर्ची पडतं. वरची गव्हाण आठवा: मिल बंद आणि तुम्ही आणखी ऊस ओतताय. काठावर असलेला माणूस त्याने आजारात ढकलला जाऊ शकतो.

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः हे केलं आहे. उसाच्या फडातून आणलेला माणूस, आठ दिवस उलट्या, पोटात अन्न नाही. मी बाटल्या लावल्या, नातेवाइकांना बरं वाटलं, मलाही. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे एका जागी अडकल्यासारखे झाले. मोठ्या दवाखान्यात पाठवला. जगला, पण नंतर मला ओळखायचा नाही. ओळख करून दिली की पाच मिनिटांनी पुन्हा नमस्कार करायचा.

म्हणून नियम सोपा आहे: पिणारा, न जेवलेला माणूस असेल तर बी-१ आधी, किंवा ग्लुकोजबरोबरच. याला एक अपवाद लक्षात ठेवा. रक्तातली साखर तपासली आणि ती खरोखरच धोकादायक खाली गेली असेल, तर ग्लुकोज लगेच द्यावंच लागतं, बी-१ आणायला कुणी गेलंय म्हणून ते अडवायचं नाही. दोन्ही द्यायचं.

डॉक्टरांना हे कसं सांगायचं, असं एका बहिणीने विचारलं होतं. त्यांना राग येईल अशी तिला भीती होती. इतकंच म्हणा: "हे रोज पितात, पंधरा दिवस नीट जेवलेले नाहीत. सलाईनच्या आधी बी-१ द्यायचं का?" यात राग येण्यासारखं काही नाही. आला तरी चालेल.

ताकदीचं लाल इंजेक्शन दिलंय की. त्यात बी-१ नसतं का?

काहींत असतं, काहींत नसतं. लाल रंग बी-१२ चा असतो, बी-१ ला असा रंग नाही. असलं तरी एका इंजेक्शनातलं प्रमाण या आजाराला पुरत नाही. संशय असेल तर शिरेतून २०० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, थोड्या सलाईनमध्ये मिसळून हळूहळू, काही दिवस देतात. दिवसाच्या गरजेच्या शेकडो पट हा आकडा आहे, कारण मेंदूपर्यंत ते ढकलायचं असतं.

मग त्यापेक्षा गोळ्या देऊ का? इंजेक्शनला माणूस तयार नाही.

या टप्प्यावर गोळी कामाची नाही. दारूने खराब झालेलं आतडं एका वेळी एक-दोन मिलिग्रॅमच्या आसपासच उचलतं, गोळी १०० ची असो की ३०० ची. गोळ्यांची जागा नंतर आहे: धोका टळल्यावर, किंवा जो पितो पण अजून या आजारापर्यंत पोचलेला नाही त्याच्यासाठी. अशा माणसाला बी-१ च्या गोळ्या चालू ठेवणं शहाणपणाचं, आणि त्या महाग नाहीत.

एमआरआय लागेल का? आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत.

उपचार सुरू करायला लागत नाही. एमआरआयमध्ये खुणा दिसल्या तर निदान पक्कं होतं, पण जवळपास निम्म्या पेशंटांत त्या दिसतच नाहीत. सीटी तर बहुतेक वेळा नॉर्मल येतो. बी-१ ची रक्ततपासणी आपल्या भागात सहज होत नाही आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबणं परवडतही नाही. निदान पेशंटकडे बघून करायचं. तातडीने पैसे खर्च करायचेच असतील तर साखर, क्षार, मॅग्नेशियम आणि लिव्हरच्या तपासण्यांवर करा.

किती वेळ हातात असतो?

दिवस नव्हे, तास समजा. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर डोळ्यांची हालचाल काही तासांत ते एक-दोन दिवसांत सुधारू लागते. इतक्या थोड्या वेळात असा फरक पडताना बघणं हा आमच्या धंद्यातला मोजका आनंद आहे. तोल सावरायला आठवडे लागतात, कधी पूर्ण सावरत नाही. उपचारच झाले नाहीत तर पाचातला साधारण एक दगावतो, आणि जे वाचतात त्यांतल्या बहुतेकांची स्मृती जाते.

आषाढीला माळ घातली, दारू एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणत होते. बाहेरचं झालंय असं सासूबाई म्हणतात.

बाहेरचं काही नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की शरीर असं उसळतं. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते; दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, बरळणं. यात माणूस दगावू शकतो. देवऋषीकडे नेण्यात जी रात्र जाते ती महागात पडते.

माळ घालू नका असं मी म्हणत नाही. माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि माळ घातलेल्या माणसाला गावात कुणी "घे रे एक" म्हणत नाही, हा आधार कोणत्याही गोळीत नाही. फक्त माळेच्या आधी दवाखान्यात या. सोडण्याच्या पहिल्या आठवड्यासाठी औषधं असतात, आणि बी-१ तेव्हाच द्यायचं असतं. सोडतानाचा हा काळ आणि वर्निके अनेकदा हातात हात घालून येतात, म्हणून भास होणाऱ्या प्रत्येक पेशंटला बी-१ द्यायलाच हवं.

दारू सोडवायची पावडर गुपचूप भाजीतून दिली तर?

नका. अशा काही औषधांवर दारू पडली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस मरूही शकतो. त्याला माहीत नसेल तर तो पिणारच. आणि पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही.

आता पीत नाहीत, पण सारखं खोटं बोलतात. "काल परळीला जाऊन आलो" म्हणतात. काल तर वॉर्डातच होते.

ते खोटं बोलत नाहीत. हे पटायला घरच्यांना महिने लागतात, कारण पिण्याच्या वर्षांत त्यांनी खरंखोटं इतकं सांगितलेलं असतं की विश्वास उरलेला नसतो. "कुठे गेला होतात?" "सोसायटीत." "पैसे?" "बियाण्याला दिले." वीस वर्षं हे ऐकलेल्या बाईला मी सांगतो की या वेळेचं खोटं हे खोटं नाही, तेव्हा ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती मी समजू शकतो.

कोर्साकोव्हमध्ये नवीन आठवण साठतच नाही. कालचा दिवस कोरा. पण मेंदूला कोरी जागा सहन होत नाही, तो जुन्या आठवणींचे तुकडे उचलून तिथे बसवतो. परळीला ते खरंच गेले होते, फक्त बारा वर्षांपूर्वी. सांगताना त्यांना ते कालचंच वाटतं. फसवायचा हेतू नसतो, फायदा नसतो, आणि तुम्ही पकडलंत तरी चेहऱ्यावर ओशाळलेपण येत नाही. खोटं बोलणारा माणूस डोळे चुकवतो. हे डोळ्यात डोळे घालून सांगतात.

जुनं मात्र शाबूत असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप, आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन, अंगणात कोण कुठे झोपलं होतं, सगळं सांगतात. हरिपाठ म्हणतात. पत्त्यांचा डाव खेळतात. बोलणं सुसंगत असतं, त्यामुळे पाच मिनिटं भेटून गेलेला पाहुणा "काही झालं नाही याला" असं म्हणून जातो आणि घरच्यांनाच वेड्यात काढतो. सकाळी काय खाल्लं एवढंच त्यांना विचारा.

आपण विसरतो, हेही ते विसरतात. म्हणून पेशंट स्वतः प्रश्न विचारत नाही, असं सुरुवातीला लिहिलं.

आठवण परत येईल का?

ढोबळ हिशेब असा की चारातला एक बऱ्यापैकी सावरतो, दोन थोडेफार सुधारतात, एक आहे तसाच राहतो. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते, दोन-दोन वर्षंही चालते. वय झालं की होणाऱ्या विस्मरणाच्या आजारासारखा हा वर्षागणिक वाढत जात नाही, पण त्याला दोन अटी आहेत: दारू पूर्ण बंद, आणि जेवण व बी-१ चालू. पुन्हा प्यायले तर पुढचा झटका उरलेलं घेऊन जातो. "थोडी थोडी" ही सोय या आजारात नाही.

पायाला मुंग्या येतात, तळवे जळतात. हेही त्याचंच का?

बऱ्याचदा हो. बी-१ आणि दारू दोन्ही नसांना मारतात. बी-१२ आणि फॉलिक ॲसिडही तपासा, आणि साखर. पायाला सूज आणि धाप असेल तर बी-१ च्या कमतरतेने हृदयही दुबळं झालेलं असू शकतं. ते वेगळं आणि घाईचं.

आजोबा सांगायचे, पूर्वी ज्वारीच खाऊन लोकांना वेड लागायचं. खरं की काय?

आजोबांची आठवण खरी, पण तो वेगळा आजार: पेलाग्रा, बी-३ म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा. दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत तो दिसायचा. हैदराबादमधल्या पोषण संशोधकांनी, विशेषतः डॉ. सी. गोपालन यांनी, १९६० च्या सुमारास ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवलं. पुढे त्यावर वाद झाले. ज्वारीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले की हा धोका राहत नाही, त्यामुळे भाकरीला दोष देऊ नका.

हे इथे लिहायचं कारण, न जेवता पिणाऱ्यांत पेलाग्रा आजही सापडतो. उन्हात उघडे राहणारे हात आणि गळा काळे पडून सोलतात, गळ्याभोवती हारासारखा पट्टा उमटतो, जुलाब होतात, डोकं भरकटतं. उन्हाने रापलाय म्हणून तो आपल्याकडे सहज सुटून जातो. बी-१ देऊनही गोंधळ कमी होत नसेल तर डॉक्टरांना ही कातडी दाखवा.

आम्ही ऊसतोडीला जातो. कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर, असं झालं तर काय करायचं?

दसऱ्यानंतर गाव सोडायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं, या पाच-सहा महिन्यांत तुमची भाषा जाणणारा ओळखीचा डॉक्टर नसतो. पहाटे फडात, जेवण उभ्या-उभ्या, अंगदुखीवर रात्री एक चपटी. आठ-दहा दिवस अन्न न ठरणारा किंवा उलट्या करणारा माणूस हा थेट दवाखान्याचा पेशंट आहे, "उतरली की कोयता धरेल" असा नाही. मुकादमाला उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा, हिशेब दिसतो, त्यामुळे हा निर्णय बहुतेक वेळा जोडीदारणीलाच रेटावा लागतो. १०८ ला फोन केला तर परजिल्ह्यातही गाडी येते. वरचं सलाईनचं वाक्य मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. घाबरल्यावर आठवत नाही, तेव्हा डॉक्टरांना ऐकवा.

दारू न पिणाऱ्यांना होतो का?

होतो. गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या, वजन घटवण्याचं ऑपरेशन, लांबलेला उपास, कॅन्सर, डायलिसिस. वर्निकेची ती तरुणी विसरू नका.

यांच्याकडून कुणी जमिनीवर सही-अंगठा घेतला तर?

ही भीती रास्त आहे. कोर्साकोव्हचा माणूस सभ्यपणे बोलतो, हो म्हणतो, सही करतो आणि संध्याकाळी विसरतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या स्मृतीची अवस्था तारखेसह लेखी घ्या, आणि वकिलाला किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत दाखवा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही जिल्हा रुग्णालयात विचारा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आणि मेंदूचे दीर्घकालीन आजार यांचा समावेश आहे, टक्के तिथलं मंडळ ठरवतं.

कुठे न्यायचं?

डोळे, तोल, गोंधळ यातलं काही असेल तर आधी मेडिसिन विभाग असलेलं रुग्णालय, व्यसनमुक्ती केंद्र नंतर. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, नांदेडचं विष्णुपुरी ही सरकारी रुग्णालयं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या ठिकाणी मेडिसिन आणि मानसोपचार दोन्ही आहेत. लांब असेल तर जिल्हा रुग्णालय. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६.

खासगी केंद्रात ठेवणार असाल तर एकच प्रश्न विचारा: पहिल्या आठवड्यात डॉक्टर रोज येतो का आणि बी-१ चं इंजेक्शन देता का? "आमच्याकडे औषधाची गरज पडत नाही, शिस्तीने सुटते" असं उत्तर आलं तर पेशंट तिथे सोडू नका.

लेकीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. हे रोज विचारतात, "मुलगा बघितला का?" रोज सांगायचं का?

सांगा, पण परीक्षा घेऊ नका. "आठवत नाही का? कालच सांगितलं ना?" याने काही आठवत नाही, फक्त माणूस कावराबावरा होतो. थोडक्यात, त्याच आवाजात, त्याच शब्दांत सांगा. बातमी दुःखाची असेल, समजा आई वारली आहे आणि ते तिला शोधतात, तर दर वेळी सांगणं म्हणजे दर वेळी नव्याने रडवणं. तिथे आईची एखादी गोष्ट काढा आणि विषय पुढे न्या. हे मी खोटेपणात धरत नाही.

सांगून जे राहत नाही ते सवयीने राहतं. हातपायांची स्मृती वेगळ्या वाटेने चालते आणि ती पुष्कळदा वाचलेली असते. चष्मा, तांब्या, चपला यांची जागा बदलू नका. अंघोळ, चहा, गोळी, फेरी रोज त्याच क्रमाने ठेवा. चुकू देऊन शिकवण्यापेक्षा सुरुवातीपासून बरोबर तेच करवून घ्या, कारण चूकच सवय होऊन बसते. भिंतीवर रोज पान फाडायचं मोठं कॅलेंडर लावा, आणि पान त्यांनाच फाडू द्या.

लग्नाचा फोटो त्यांच्या खाटेसमोर लावा, खाली जाड अक्षरात लेकीचं नाव, जावयाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. मुलगा बघितला का असं विचारलं की फोटोकडे बोट करा. काही आठवड्यांनी ते आधी फोटोकडे बघतील आणि मग तुम्हाला विचारतील, "जावई कधी येणारेत?"